आधी फोन कापा

माझे मामा सांगलीत विश्रामबागला राहतात. निवृत्त मुख्याध्यापक, वाण्याच्या बिलाचीही पुन्हा बेरीज करून पाहणारे. त्यांना ‘मुंबई पोलिसां’चा व्हिडिओ कॉल आला. तुमच्या आधारकार्डावर पाठवलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, दार लावून घ्या, घरात कुणाला सांगितलंत तर त्यांनाही उचलू. मामांनी ठेव मोडून पैसे पाठवले. पुढची रक्कम जाण्याआधी मामींचा मला साताऱ्याला फोन आला, “अगं, हे दारच उघडंनात!” म्हणून निम्मे तरी वाचले.

वय झालं की माणूस भोळा होतो, हे मला पटत नाही. २०१९ मध्ये इस्लामपूरची कडकनाथ कोंबड्यांची योजना बुडाली. अंडी-पक्षी चढ्या भावाने परत घेण्याच्या बोलीवर तीत कितीतरी तरण्या शेतकऱ्यांचेही पैसे अडकले. तिथे नफ्याची आशा होती, मामांच्या बाबतीत अब्रूची भीती. जन्मभर ताठ मानेने जगलेल्या माणसाला खाकी वर्दी दाखवली की पुरे होतं.

म्हणून पुन्हापुन्हा सांगते, व्हिडिओ कॉलवरची अशी ‘डिजिटल अरेस्ट’ कायद्यात नाही. ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही हेच सांगितलं. पोलीस व्हिडिओवर अटक करत नाहीत, तपासासाठी पैसे मागत नाहीत. फोन कापा आणि शेजाऱ्याला हाक मारा.

पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० ही सायबर हेल्पलाइन लावा, मग बँक गाठा. चोर रक्कम या खात्यातून त्या खात्यात भराभर फिरवतात. तक्रार वेळेत पोचली तर रक्कम मध्येच गोठवता येते. पुढे ‘बुडालेले पैसे काढून देतो, आधी फी भरा’ असे फोन येतात. तेही त्याच जातीचे.

मुलासुनांना हात जोडून सांगणं आहे, “तुम्हाला कळलं कसं नाही?” असं विचारू नका. पुण्यातल्या मुलाला हे सांगायला मामा कितीतरी दिवस धजत नव्हते. गेलेल्या पैशांपेक्षा तो आता पासबुक काढून घेईल, याचीच त्यांना धास्ती होती. त्याने ते घेतलं नाही. उरलेल्या ठेवी मामा-मामींच्या संयुक्त नावावर केल्या आणि मुदतीआधी मोडायच्या तर दोघांच्या सह्या लागतील, असं बँकेत लिहून दिलं. व्यवहार अजून मामाच बघतात.