तोंडी परीक्षेतला चौथा प्रश्न



बारावीनंतर आपल्या शाळेतील मुले-मुली वैद्यकीय, फार्मसी, नर्सिंग, गृहविज्ञान अशा अभ्यासक्रमांना जातात. लेखी परीक्षेची त्यांना सवय असते. अडखळतात ती ‘व्हायवा’त, म्हणजे तोंडी परीक्षेत. औषधशास्त्र आणि पोषणशास्त्रात ही परीक्षा नेमके काय तपासते, ते ओळखीच्या उदाहरणावरून पाहू.

सरकारी योजनेत किशोरवयीन मुलामुलींना आठवड्यातून एकदा देतात ती लोह व फॉलिक ॲसिडची निळी गोळी तुम्हांला माहीत आहेच. परीक्षक विचारतात, “लोहाची गोळी कशाबरोबर घ्यायला सांगाल?” लिंबाच्या सरबताबरोबर. “का?” क जीवनसत्त्वामुळे लोह फेरिक रूपातून फेरस रूपात येते आणि लहान आतड्यात सहज शोषले जाते. “आणि चहाबरोबर घेतली तर?” चहातील टॅनिन लोहाला बांधून ठेवते, शोषण घटते.

इथपर्यंत पाठांतर पुरते. मग चौथा प्रश्न येतो : “आठ दिवसांनी रुग्ण घाबरून आली. शौचाला काळी होते म्हणते. काय सांगाल?” लोहाच्या गोळीने असा रंग येतो, हे गोळी सुरू करतानाच सांगायचे असते. नाहीतर बाई गोळ्या सोडते आणि रक्तक्षय तसाच राहतो. पण चांगला विद्यार्थी आधी उलट विचारतो, “डांबरासारखी चिकट होते का? पोटात दुखते का?” कारण तो आतला रक्तस्रावही असू शकतो. हे उलट विचारणे उत्तरपत्रिकेत कधीच दिसत नाही. माझ्या मते तोंडी परीक्षा ठेवायची ती एवढ्यासाठीच.

वॉरफेरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाचेही तसेच. पालेभाजीतील के जीवनसत्त्व त्याच्या विरुद्ध काम करते, एवढे पाठ केलेला विद्यार्थी “पालेभाजी बंद” म्हणून मोकळा होतो. बरोबर सल्ला असा की भाजी रोज साधारण सारख्या प्रमाणात खावी, एकदम वाढवू वा सोडू नये.

पालकांची एक तक्रार मात्र खरी आहे. परीक्षक बदलला की गुण बदलतात, आणि धीटपणे बोलणाऱ्याचे थोडक्यात भागते. यावर उपाय आहेत : प्रश्न व अपेक्षित उत्तरांचे गुण आधी ठरवणे, सर्वांना सारखेच प्रश्न विचारणे, दोन परीक्षकांनी वेगवेगळे गुण देणे. स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डेन आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये प्रात्यक्षिक परीक्षेसाठी याच विचाराची पद्धत मांडली. विद्यार्थी एकेका टेबलापाशी ठरावीक वेळ थांबतो, ठरलेले काम करतो आणि पुढे जातो. आज ती जगभर चालते.

राहिला भाषेचा प्रश्न. मी स्वतः हिंदी माध्यमातून पदवीधर झालो, तेव्हा इंग्रजीची धास्ती मला ठाऊक आहे. आपल्या मध्य प्रदेशात ऑक्टोबर २०२२ मध्ये एमबीबीएस पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तके निघाली. तरी संज्ञा इंग्रजीच राहतात, त्या शिकाव्याच लागतील. पण रुग्णाला काय सांगाल, याचा सराव घरच्या भाषेतच उत्तम होतो. शेवटी रुग्ण इंदूरच्या बाजारातलाच असणार.

म्हणून नववीपासून पुढच्या सर्वांसाठी एक प्रश्न : टेट्रासायक्लीन हे प्रतिजैविक दुधाबरोबर का घेऊ नये? उत्तर वहीत लिहू नका. शोधा आणि आजीला मराठीत समजावून सांगा. आजी “का गं?” म्हणाली, की पुढचेही सांगावे लागेल.