चीडचं रोप आणि उन्हाचा हिशोब

माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठीत लेख लिहायची ही पहिलीच वेळ. संपादकांनी अगदी मागे लागून लिहून घेतलाय. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

गेल्या मे महिन्यात आम्ही हॉस्टेलच्या सहा जणी उत्तराखंडमध्ये, कुमाऊँच्या डोंगरात ट्रेकला गेलो होतो. तिथल्या पाईनला चीड म्हणतात. उंच, सरळ झाड. सुईसारखी लांब पानं, तीन-तीनच्या जुडीत. रस्त्याकडेला दरड कोसळून उघड्या पडलेल्या उतारावर त्याची गुडघ्याएवढी रोपं दाटीने उभी होती. पण थोडं पुढे बांजच्या, म्हणजे तिथल्या ओकच्या, गर्द रानात शिरलो आणि चीडचं एकही रोप दिसेना. समोरच्याच उतारावर चीडची मोठी झाडं होती, म्हणजे वाऱ्याबरोबर बी तर येत असणारच. मग रोपं गेली कुठे? गाईडकाकांना विचारलं. ते म्हणाले, "बेटा, उसको धूप चाहिए." एवढंच! परत आल्यावर लायब्ररीत बसून मी या एका वाक्याचा अभ्यास केला.

प्रकाशाचं गणित

फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीत आपण सगळ्यांनी बिअर-लॅम्बर्टचा नियम घोकलाय. द्रावण जितकं दाट, तितका प्रकाश पलीकडे कमी पोचतो, आणि तो एक्स्पोनेन्शियल पद्धतीने घटतो. १९५३ साली मोन्सी आणि साएकी या जपानी शास्त्रज्ञांनी हीच कल्पना झाडांच्या पानांना लावली. एक चौरस मीटर जमिनीच्या वर एकूण किती चौरस मीटर पानं आहेत, तो आकडा म्हणजे लीफ एरिया इंडेक्स. स्थिरांक ०.५ धरून गणित केलं, तर इंडेक्स १ असताना जमिनीवर ६१ टक्के प्रकाश पोचतो, २ असताना ३७ टक्के, ४ असताना जेमतेम १४ आणि ६ असताना फक्त ५ टक्के.

आता रोपाच्या बाजूने बघा. प्रकाशसंश्लेषण ही त्याची कमाई आणि श्वसन हा खर्च. कमाई खर्चापेक्षा कमी पडली की रोप साठवलेलं खाऊन संपवतं आणि मरतं. चीडला वाढायला भरपूर ऊन लागतं. दाट सावली आपल्याच आईची असली तरी त्याला चालत नाही. बांजचं रोप मात्र लहानपणी बरीच सावली सोसतं. शिवाय बांजचं बी जड असतं, आत अन्न भरलेलं. म्हणजे ते घरून डबा घेऊन आलेलं असतं! चीडचं बी हलकं, पंख असलेलं. ते दूरवर उडतं, पण जवळपास रिकाम्या हाताने येतं. उन्हाळ्यात पडतं, पावसाळ्यात रुजतं, आणि त्याला लगेच कमवायला लागावं लागतं.

शेजारी कोण, हेही महत्त्वाचं

फक्त प्रकाश मोजून भागत नाही. चीडखाली सुयांचा जाड थर साठतो. त्याला तिथे पिरूल म्हणतात. थर फार जाड असला तर चीडच्या स्वतःच्या अंकुराचं मूळसुद्धा मातीपर्यंत पोचत नाही. आणि उन्हाळ्यात हाच पिरूल आग पसरवतो.

खरी गोष्ट इथे सुरू होते. बांजची पानं गुरांना चारा म्हणून आणि फांद्या सरपण म्हणून तोडल्या जातात. तोड हाताबाहेर गेली की छत विरळ होतं, खाली ऊन येतं आणि चीडची रोपं शिरतात. ती मोठी झाली की पिरूल, पिरूल साठला की आग. आगीत बांजची लहान रोपं जळतात. मोठा चीड मात्र जाड सालीमुळे बहुतेक वेळा वाचतो, आणि त्याचं जळलेलं रोपही कधीकधी बुंध्यापासून पुन्हा फुटतं. प्रत्येक फेरीत ऊन वाढतं आणि चीड पुढे सरकतो. कंट्रोल सिस्टिम्समध्ये याला आपण पॉझिटिव्ह फीडबॅक म्हणतो.

याची किंमत गावं मोजतात. चीडच्या सुया गुरं खात नाहीत, त्यामुळे बांज गेला की चाऱ्यासाठी बायकांना आणखी लांब चालावं लागतं. आणि आगीचं म्हणाल, तर जून २०२४ मध्ये बिनसर अभयारण्यात वणवा विझवायला गेलेले काही वनकर्मचारी होरपळून मरण पावले.

मग चीड व्हिलन का?

मला तसं वाटत नाही. चीड हिमालयातलाच आहे, बाहेरून आणलेला नाही. जिथे दुसरं फारसं काही तगत नाही अशा कोरड्या, दगडाळ, दक्षिणेकडच्या उतारांवर तो उभा राहतो. लाकूड देतो, राळ देतो. प्रश्न एवढाच, की छत आपण कुठे उघडायचं. चीड हवा असेल तिथे वनखातं दाट झाडं विरळ करतं आणि बी देणारी मोजकी झाडं राखतं. बांज हवा असेल तिथे सावली टिकवायची, तोड आणि चराई आवरायची आणि आग लांब ठेवायची. नुसती रोपं लावून भागत नाही.

जाता जाता एक प्रॅक्टिकल. येत्या पावसाळ्यात कॅम्पसवर झाडं लावायचे खड्डे खणण्याआधी इलेक्ट्रिकलच्या लॅबमधून लक्स मीटर मागून घ्या. दुपारी बारा वाजता मोकळ्या ग्राउंडवर एक रीडिंग घ्या आणि लगेच जिथे रोप लावणार त्या झाडाखाली दुसरं. लक्स हे माप आपल्या डोळ्यांसाठी आहे, पानांसाठी नाही, पण दोन्हींच्या गुणोत्तरावरून अंदाज येतो. तिथे दहा टक्केही ऊन नसेल, तर ऊन मागणारं रोप तिथे लावू नका. पाणी कितीही घातलं तरी ते उपाशीच राहील.