उच्च रक्तदाब : हिशेब घरातील मिठाचा

चैत्र-वैशाखात नागपुरातील गच्च्यांवर आणि भोवतालच्या खेड्यांतील अंगणांत वाळवणाची लगबग सुरू असते. पापड, कुरडया, सांडगे, भरल्या मिरच्या अशी वर्षभराची बेगमी याच दिवसांत होते. लोणच्याच्या बरण्याही पुढे लवकरच भरल्या जातात. डाळ, गहू, ज्वारी यांच्याबरोबर या बेगमीत आणखी एक पदार्थ साठविला जातो, तो म्हणजे मीठ. उच्च रक्तदाबाचा रुग्ण भाजीत मीठ कमी घालण्याची सूचना करतो. परंतु पापड-लोणच्यातील मीठ त्याच्या हिशेबात येत नाही.

लक्षणांवाचून वाढणारा विकार

रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक असल्याचे वेगवेगळ्या दिवशी मोजून आढळले, तर त्यास सामान्यतः उच्च रक्तदाब म्हणतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ वर्षांवरील सुमारे २१ टक्के स्त्रिया व २४ टक्के पुरुष यांना हा विकार होता किंवा ते त्यावर औषध घेत होते. बहुतेकांना त्रास असा काहीच जाणवत नाही. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणून रक्तदाब मोजला जात नाही. दरम्यान रक्तवाहिन्या, हृदय, मूत्रपिंडे व डोळे यांची हानी होत राहते. कित्येक घरांत या आजाराची पहिली ओळख कर्त्या माणसाला लकवा झाल्यावरच होते.

पुडा किती दिवस पुरतो?

मिठात वजनाच्या सुमारे ४० टक्के सोडियम असते. ते शरीरात अधिक प्रमाणात गेले की पाणी धरून ठेवते, रक्ताचे आकारमान वाढते आणि रक्तवाहिन्यांवरील दाब वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून कमी मीठ खावे. २०१७-१८ मधील राष्ट्रीय पाहणीत मात्र भारतीय प्रौढांचे सरासरी सेवन ८ ग्रॅम असल्याचे आढळले.

हा आकडा घरच्या घरी पडताळता येतो. पाच प्रौढ माणसांच्या कुटुंबाने ५ ग्रॅमची मर्यादा पाळली, तर एक किलोचा पुडा ४० दिवस पुरावयास हवा. प्रत्येकी ८ ग्रॅमप्रमाणे तो २५ दिवसांत संपतो. विकतचे फरसाण, चिवडा, बिस्किटे आणि हॉटेलातील रस्सा यांतील मीठ या पुड्यात मोजले जात नाही. त्यामुळे पुडा ४० दिवस पुरला तरी निर्धास्त राहू नये. मात्र तो २५ दिवसांतच संपत असेल, तर इशारा स्पष्ट आहे.

रुग्णाचे वेगळे पातेले नको

घरात एकास रक्तदाब असल्याचे कळले की त्याच्यासाठी अळणी भाजी वेगळी काढली जाते. हा नेम फार दिवस टिकत नाही. बेचव जेवणाला कंटाळून रुग्ण पापडाकडे किंवा ठेच्याकडे वळतो. घरातील स्त्रीच रुग्ण असेल, तर स्वतःसाठी निराळे शिजविणे तिच्याकडून सहसा होत नाही. म्हणून साऱ्या घराचेच मीठ थोडे थोडे कमी करणे हा अधिक चांगला मार्ग होय. काही आठवड्यांत जिभेला नव्या चवीची सवय होते.

कणकेत व भाताच्या आधणात मीठ न घालताही जेवण रुचकर होते. वरणाला लिंबू, आमसूल, जिरे व लसूण यांची चव द्यावी. जवसाच्या चटणीत मीठ निम्म्यावर आणावे. मिठाची वाटी ताटाजवळून हलवावी. पापडात मिठाखेरीज पापडखारही असतो आणि त्यातही सोडियमच असते. सैंधव मीठ निर्धोक असल्याची समजूत चुकीची आहे. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच होय. पोटॅशियमयुक्त, कमी सोडियमचे मीठ काहींना उपयोगी पडते. परंतु मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना ते घातक ठरू शकते. म्हणून डॉक्टरांना विचारल्यावाचून ते वापरू नये.

ताटात काय वाढवावे?

केवळ मीठ कमी करून काम संपत नाही. अमेरिकेत ४५९ प्रौढांवर झालेल्या व १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फळे, भाज्या व कमी स्निग्धांशाचे दुग्धपदार्थ भरपूर असलेला आहार देण्यात आला. नेहमीचा आहार घेणाऱ्यांच्या तुलनेत, उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा दाब सुमारे ११ अंकांनी अधिक उतरला. विदर्भाच्या स्वयंपाकघरात असा आहार परका नाही. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, पालक, चवळाई, अंबाडी, लोणी काढलेले ताक आणि हंगामातील संत्री हे पदार्थ त्यासाठी पुरेसे आहेत. फळांवर मीठ-मसाला भुरभुरण्याची सवय मात्र सोडावी.

नागपूरचा उन्हाळा कडक असतो. उन्हाच्या भीतीने दिवसभर मीठ घातलेले सरबत पिणे रक्तदाबाच्या रुग्णास योग्य नव्हे. त्याने पाणी आणि बिनमिठाचे ताक घ्यावे. हगवण-वांती झाल्यास मात्र जलसंजीवनी नाकारू नये आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

पथ्य आणि गोळी

आहार सुधारला म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करणे धोक्याचे आहे. दाब उतरलेला दिसतो तो पुष्कळदा गोळीमुळेच. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातील वर्धा, भंडारा, सातारा व सिंधुदुर्ग हे जिल्हे प्रारंभीच घेण्यात आले. ठरलेली औषधे, घराजवळच्या केंद्रात त्यांचा पुरवठा आणि प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवून पाठपुरावा ही त्याची सूत्रे होत. नागपूरच्या शेजारच्या दोन जिल्ह्यांत राबविलेली ही पद्धत कोणत्याही गावाने समजून घेण्याजोगी आहे.

गावाचा वाटा

तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब आरोग्य उपकेंद्रात मोजला जाईल, याकडे पंचायत सदस्यांनी लक्ष द्यावे. ग्रामसभेच्या दिवशी आरोग्य सेविका व आशा कार्यकर्तीच्या मदतीने ही तपासणी सहज ठेवता येते. शाळेच्या पोषण आहारात मिठाचे माप ठरलेले असावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना घरच्या मिठाच्या पुड्यावर तो फोडल्याची तारीख लिहावयास सांगावी. पुडा संपला की दिवस मोजावेत आणि माणशी रोजचे मीठ काढावे. गणिताच्या तासाला मांडलेले हे साधे उदाहरण मुलाबरोबर घरी जाईल आणि एखाद्या घरातील कर्त्या माणसाला वेळीच तपासणीसाठी उपकेंद्राकडे वळवील.