पोत्याच्या तोंडाचा टाका

मळणी झाली, धान्य वाळले, पोती भरली, की राहते ते तोंड शिवणे. हे काम आपल्याकडे घाईत, बहुधा रात्री गाडी दारात उभी असताना उरकले जाते. कृषी पदवीचे शिक्षण घेत असताना मी असेच एक तुरीचे पोते शिवले होते. ट्रॉलीच्या फळक्याला घासून सुतळी एका ठिकाणी तुटली आणि बाजार येईपर्यंत निम्मे पोते रस्त्यावर सांडले. वडील काही बोलले नाहीत. उरलेली पोती मात्र त्यांनी उतरवून पुन्हा स्वतः शिवली.

माझी चूक टाक्याची होती. मी घातला होता धावदोरा, म्हणजे गोधडीचा टाका. गोधडीत तो उत्तम चालतो, कारण तेथे शेकडो ओळी शेजारी-शेजारी असतात. एक तुटली तरी दुसरी ताण घेते. पोत्याच्या तोंडाला ओळ एकच. ती कोठेही तुटली की दोन्ही बाजूंनी सरकत जाते. खताच्या गोणीचा दोरा योग्य टोकाकडून ओढला की सर्रकन सुटतो, हे आपण पाहतोच. त्या साखळी टाक्यातही मध्ये अडवणारी गाठ नसते. म्हणून पोत्यास काठावरून वेढा घेणारा व मध्ये मध्ये अडकवलेला टाका घालावा.

पन्नास किलोच्या तागाच्या पोत्याचे तोंड साधारण ५७ सें.मी. असते. त्यास तीन पदरी सुतळी चार हात, म्हणजे सुमारे १८० सें.मी. घ्यावी. कमी घेतली तर मध्येच जोड द्यावा लागतो, आणि जोड हीच कच्ची जागा. दाभण चपट्या, किंचित वाकलेल्या टोकाचे असावे. ते तागाचे धागे बाजूला सारते, तोडत नाही. गंजलेले दाभण धागे ओरबाडते, तेव्हा ते आधी विटेवर घासून घ्यावे.

पोते गळ्यापर्यंत भरू नये. वरची वीतभर जागा मोकळी राहिली तरच काठ जुळतात. प्रथम डाव्या कोपऱ्यात मूठभर धान्य दाबून सुतळीचे दोन वेढे आवळावेत व गाठ मारावी. हा झाला कान. कान नीट असला की हमाल त्याला धरून पोते उचलतो, आकडा कमी लागतो आणि पोत्याला भोके पडत नाहीत. मग दोन्ही काठ एकत्र आत दुमडून, दुमडीखाली दोन बोटांवर दाभण आपल्यापासून पलीकडे घालावे. सुतळी काठावरून अलीकडे आणावी व चार सें.मी. पुढे पुन्हा टोचावे. दर तिसऱ्या टाक्याला, सुतळी आवळण्यापूर्वी दाभण त्याच टाक्याच्या फासातून काढावे. फास बसला की तेथवरची शिलाई कुलूपबंद झाली. पुढचा टाका तुटला तरी मागचे सुटत नाही. असे चौदा-पंधरा टाके होतात. उजव्या कोपऱ्यात दुसरा कान बांधून दुहेरी गाठ मारावी.

टोचताना डावा हात दाभणाच्या समोर ठेवू नये. ही सूचना किरकोळ वाटते, पण तळहातातून दाभण गेलेला माणूस आठवडाभर खुरपे धरू शकत नाही.

पहिले पोते शिवल्यावर दोघांनी ते कान धरून उलटे करावे आणि गुडघ्याइतक्या उंचीवरून तोंडावर सोडून पाहावे. दाणे गळाले तर टाके लांब पडले आहेत असे समजावे. घरात गोधडी शिवणाऱ्या आजी किंवा आई असतील तर त्यांच्या हाती दाभण द्यावे. फासाची खूण एकदा दाखवली की त्यांचा टाका आपल्यापेक्षा सारखा येतो.

प्लास्टिकच्या विणलेल्या गोणीस हाच टाका चालतो, पण तिच्या पट्ट्या गुळगुळीत असल्याने काठातून निसटतात. तिचा काठ एकदा नव्हे, दोनदा दुमडावा आणि फास दर दुसऱ्या टाक्याला घ्यावा.