कानशिलावरचा घाव

वाराणसी म्हणजे प्राचीन काशी. शल्यचिकित्सेचे आद्य आचार्य सुश्रुत यांचे नाव परंपरेने या नगरीशी जोडले जाते. सुश्रुतसंहितेत शरीरातील १०७ मर्मे सांगितली आहेत. त्यांपैकी कानशिलावरचे ‘शंख’ हे मर्म ‘सद्यःप्राणहर’, म्हणजे घाव बसताच प्राण घेणारे मानले आहे. याचे कारण आज आपल्याला कळते. तेथील हाड पातळ असते आणि त्याच्या आतल्या बाजूने मेंदूच्या आवरणाची रक्तवाहिनी जाते. ती फुटली, की हाड आणि आवरण यांच्यामध्ये रक्त साठते व मेंदू दाबला जातो.

हा घाव मोठा फसवा असतो. रुग्ण कधी शुद्धीवर येतो, नीट बोलतोही. घरची माणसे निर्धास्त होतात आणि काही तासांत तो पुन्हा बेशुद्ध पडतो. १९७१ साली लंडनमध्ये सी. टी. स्कॅनने रुग्णाची पहिली तपासणी झाली, तेव्हापासून कवटी न उघडता असे रक्त पाहता येऊ लागले. वेळेवर पोहोचलेल्या रुग्णाच्या कवटीतून ते काढून मेंदूवरचा दाब दूर करतात. मेंदूतील फुगलेल्या धमनीवर तर मांडीतल्या धमनीतून बारीक नळी नेऊन उपचार करता येतात. तुटलेला मज्जातंतू सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. पुढे तो दिवसाला सुमारे १ मिलिमीटरच वाढतो, म्हणून बोटांत बळ येण्यास कित्येक महिने लागतात.

त्याच काशीत आज बनारस हिंदू विद्यापीठाचे ट्रॉमा सेंटर आहे. मार केव्हा लागला, शुद्ध हरपली होती का, उलटी झाली का, हे सोबतच्या माणसाने सांगितल्यास डॉक्टरांचा मोलाचा वेळ वाचतो.