कुळे ते कॅसलरॉक : सीमेचा एक पाठ

माध्यमिक शाळांच्या सहली बहुधा दूधसागराच्या धबधब्यापाशी संपतात. नागरिकशास्त्राच्या शिक्षकांनी मुलांना त्याच लोहमार्गावरील दोन स्थानकेही दाखवावीत : गोव्यातील कुळे आणि घाटमाथ्यावरील, आज कर्नाटकात असलेले कॅसलरॉक. १८८८ साली मुरगाव बंदर या मार्गाने ब्रिटिश हिंदुस्थानाशी जोडले गेले. दोन स्थानकांच्या मधून दोन राज्यसत्तांची सीमा जात होती. खाली पोर्तुगीजांची जकात, वर प्रथम ब्रिटिशांची आणि १९४७ नंतर भारताची.

सीमा म्हटली की मुलांच्या डोळ्यांपुढे काटेरी तार उभी राहते. परंतु माणसांची खरी विभागणी कागदावर झाली. एकाच घरातील दोन भाऊ कल्पावेत. थोरला नोकरीनिमित्त मुंबईस गेला व तेथेच कायमचा स्थिरावला. भारतातील अधिवास आणि मागील किमान पाच वर्षांचे वास्तव्य यांमुळे २६ जानेवारी १९५० रोजी, संविधानाच्या पाचव्या अनुच्छेदान्वये, तो भारताचा नागरिक ठरला. गावी शेती पाहणारा धाकटा मात्र पोर्तुगालचा प्रजाजनच राहिला. ऑगस्ट १९५५ मध्ये सत्याग्रहींवर गोळीबार झाला. त्यानंतर भारताने गोव्याशी होणारी रेल्वे वाहतूक बंद केली. मायलेकरांची भेट ही अर्ज-परवान्याची बाब होऊन बसली. हे सांगताना शिक्षकांनी आवाज थोडा खाली आणावा. अशा घरचे एखादे मूल वर्गात असतेच.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६२ च्या नागरिकत्व आदेशाने येथे जन्मलेले, तसेच ज्यांचे आईवडील वा आजी-आजोबा येथे जन्मले होते, ते भारतीय नागरिक मानले गेले. पूर्वीचे नागरिकत्व राखू इच्छिणाऱ्यांस एक महिन्यात तसे लेखी कळविण्याची मुभा होती. एका गोमंतकीय धर्मगुरूंनी तसे कळविले. पुढे मुदत संपल्यावर परवाना न घेता राहिल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली, आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. जन्मभूमीत राहूनही मनुष्य परकीय ठरू शकतो, हे या खटल्याइतके स्पष्टपणे पाठ्यपुस्तकातून कळत नाही.

पुढे अनेक गोमंतकीय पोर्तुगालच्या पारपत्रावर युरोपात गेले. परदेशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेताच भारताचे संपुष्टात येते, हेही मुलांना सांगावे.

सहलीपूर्वी मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारावे : १९६१ पूर्वी घाट चढताना कोणता कागद लागे, तो कोण देई, आणि घरात तो जपलेला आहे काय? असल्यास मूळ कागद शाळेत आणू नये, नक्कल पुरे.