उन्हाळी प्रवास आणि मोटारीची पूर्वतयारी

मे महिन्याच्या सुट्टीत गोव्यातील अनेक कुटुंबे स्वतःच्या मोटारीने पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर या क्षेत्रांकडे प्रस्थान ठेवतात. हा प्रवास वाहनाची दुहेरी परीक्षा घेणारा आहे. आधी चोर्ला किंवा अनमोड घाट चढून सुमारे ७५० मीटर उंचीवरील बेळगाव गाठावयाचे. पुढे सोलापूरच्या बाजूस, पारा ४० अंशांपलीकडे गेला असता, तापलेल्या डांबरी रस्त्यावरून तासन् तास धावावयाचे. घाटात इंजिनाचा कस लागतो, सपाटीवर टायरांचा.

टायरांचा विचार आधी करावा, कारण इंजिन तापले तर प्रवास खोळंबतो. भरवेगात टायर फुटला तर प्राणावर बेतते. उन्हाळ्यात हवा प्रसरण पावते, यास्तव ती थोडी कमीच भरावी, असा समज पंक्चरवाल्यांपासून सुशिक्षित वाहनधारकांपर्यंत रूढ आहे. तो घातक होय. हवा कमी असली की टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकतात. या वाकण्यातूनच उष्णता निर्माण होते आणि अखेर रबर व आतील थर एकमेकांपासून सुटू लागतात. तापमान ५ ते ६ अंशांनी वाढल्यास टायरमधील दाब सुमारे १ पौंडाने वाढतो हे खरे. तथापि निर्मात्याने ही वाढ गृहीत धरूनच दाब ठरवून दिलेला असतो. त्याचा तक्ता बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर आढळतो. पूर्ण भाराचा आकडा त्यात पुष्कळदा निराळा असतो, आणि यात्रेस निघालेली मोटार भरलेलीच असते! हवा पहाटे, टायर थंड असताना भरावी. वाटेत तापलेल्या टायरातून ती सोडू नये. स्टेपनीही तपासावी. नक्षी शाबूत दिसली तरी रबर वयाने कडक होऊन भेगाळते. टायरच्या बाजूवरील चार आकडी खूण त्याचे वय सांगते: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा.

रेडिएटरमध्ये नुसते पाणी भरण्याची सवय अद्याप गेलेली नाही. कूलंटचे योग्य मिश्रण पाण्याहून अधिक तापमानास उकळते व गंजासही आळा घालते. पाइप फुगलेले वा चिरलेले असल्यास ते निघण्यापूर्वीच बदलावेत. घाटात तापमानाचा काटा चढू लागल्यास एसी बंद करून हीटर पूर्ण सुरू करावा. प्रवाशांना तो जाच वाटेल, परंतु इंजिनाची काही उष्णता त्या वाटेने बाहेर पडते. काटा तरीही न उतरल्यास मोटार सुरक्षित जागी थांबवून इंजिन बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. आत दाबाखाली असलेले उकळते पाणी उसळून चेहरा व हात भाजतात.

परतीच्या उतारावर भार येतो तो ब्रेकवर. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि जुने झाले की कमी तापमानास उकळते. मग वाफ धरून पेडल पोकळ लागते. ते साधारणतः दोन वर्षांनी बदलणे इष्ट. घाट खालच्या गिअरमध्येच उतरावा.

परतण्यास जूनचा पहिला आठवडा उजाडल्यास घाटात पाऊस गाठण्याचा संभव असतो. उन्हाने कडक झालेली वायपरची रबरे घरून निघतानाच बदलून घ्यावीत.